एकजिनसी राष्ट्र आणि संमिश्र सूर : कोरियन पॉप संगीताचा दिल्ली-नोएडाच्या शेजारातून विचार

एखाद्या समाजाने परक्यांचे संगीत उचलून आपलेसे करणे आणि त्याच समाजाने परक्या माणसाला आपल्या गल्लीत, शाळेत, नात्यात जागा देणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिली बाजारपेठेच्या वेगाने घडते. दुसरी कायदा, घरभाडे, सोयरीक आणि शेजार यांच्या मंद गतीने घडते, आणि पहिली पूर्ण झाली म्हणजे दुसरीही आपोआप झाली असे गृहीत धरण्याचा मोह विचारवंतांनाही आवरत नाही. जगभर ‘के-पॉप’ या नावाने ओळखले जाणारे कोरियन पॉप संगीत हे या दोन प्रक्रियांतील अंतर मोजण्याचे आजचे सर्वांत स्पष्ट साधन आहे, कारण ज्या देशाने स्वतःला दीर्घकाळ एका रक्ताचा, एका वंशाचा देश मानले त्याच देशाने जगातील सर्वांत मिश्र घडणीचे लोकप्रिय संगीत निर्माण केले. व्याख्यानमालेतील प्रस्तुत पुष्प या विसंगतीच्या विवेचनासाठी योजलेले आहे, आणि त्यातील प्रतिपादन असे की संगीतातील मिश्रणाला समाजातील मिश्रणाचा पुरावा मानता येत नाही; ही गोष्ट सोलमध्ये जितकी खरी आहे तितकीच दिल्ली आणि नोएडातही खरी आहे.

नोएडाचा उल्लेख येथे केवळ व्याख्यानाचे स्थळ म्हणून केलेला नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, नव्या ओखला औद्योगिक वसाहतीसाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शहराचे नाव रूढ झाले, आणि यमुना व हिंडण या नद्यांच्या दरम्यानच्या गावांची शेतजमीन संपादून सेक्टर आखले गेले. म्हणजे जुनी गावे पोटात ठेवून बाकी सारी वस्ती बाहेरून आलेल्यांची, अशी या शहराची घडण आरंभापासूनच आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅमसंगने नोएडात आणि एलजीने ग्रेटर नोएडात कारखाने उभारले. ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि दक्षिण कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन हे दोघे दिल्ली मेट्रोने नोएडात आले आणि सेक्टर ८१ मधील सॅमसंगच्या विस्तारित कारखान्याचे त्यांनी उद्घाटन केले. वर्षाला ६ कोटी ८० लाख फोनांची क्षमता १२ कोटींपर्यंत नेण्याची ही योजना होती आणि तो जगातील सर्वांत मोठा मोबाइल कारखाना असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. कारखान्यांमागोमाग कोरियन अभियंते आणि व्यवस्थापक सहकुटुंब आले, त्यांच्यासाठी किराणा दुकाने आणि खाणावळी निघाल्या, आणि काही वर्षांतच त्या खाणावळींत कोरियन गिऱ्हाइकांइतकीच भारतीय महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दी होऊ लागली. याच शहराच्या सेक्टर १६-ए मधील फिल्म सिटीत टी-सीरिज या भारतीय संगीत कंपनीचे मुख्यालय आहे, जिची यूट्यूब वाहिनी २०१९ साली १० कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडणारी जगातील पहिली वाहिनी ठरली. कोरियन गाणे ज्या फोनवर ऐकले जाते तो फोन जेथे जुळवला जातो आणि त्या गाण्याशी स्पर्धा करणारे हिंदी-पंजाबी गाणे जेथून प्रसारित होते ती दोन्ही ठिकाणे एकाच नगराच्या हद्दीत असावीत, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील शाळकरी मुलेही बीटीएस किंवा ब्लॅकपिंक या कोरियन संचांची गाणी भाषा न कळता पाठ म्हणतात, आणि त्यांच्या आईवडिलांना या आवडीचे काय करावे हे उमगत नाही. निदान त्या आवडीमागचा इतिहास तरी त्यांच्यापुढे असावा.

कोरियाच्या एकजिनसीपणाची कल्पना प्राचीन असल्याचे तेथील पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली, परंतु तिचे आजचे रूप शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचे नाही. कोरियन भाषेत तिला ‘दानिल मिन्जोक’ म्हणतात, म्हणजे दानगुन या पुराणपुरुषापासून उतरलेला एकच अखंड वंश. १९०८ साली, जपानचा फास आवळत असताना, शिन चे-हो या इतिहासकाराने राजघराण्यांच्या इतिहासाऐवजी वंशाचा इतिहास लिहिला पाहिजे अशी मांडणी वृत्तपत्रातील लेखमालेतून केली. १९१० ते १९४५ या पारतंत्र्याच्या काळात जपानी राज्यकर्ते कोरियन लोक आणि जपानी लोक मुळात एकाच कुळाचे असल्याचे सांगून कोरियन भाषा व नावे पुसू पाहत होते, तेव्हा आपले रक्त वेगळे आणि शुद्ध आहे हा दावा कोरियन देशभक्तांच्या हातातील शस्त्र होता. पीडितांच्या हातात असताना ज्या कल्पनेने आत्मसन्मान राखला तीच कल्पना राज्यसत्तेच्या हातात गेल्यावर कोणाला बाहेर ठेवते, याचा हिशेब मात्र स्वातंत्र्यानंतर फार काळ मांडला गेला नाही. ज्या देशांनी पारतंत्र्य भोगले त्या सर्वांनाच हा हिशेब मांडणे जड जाते, आणि भारत त्याला अपवाद नाही.

१९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अमेरिकन सैनिक आणि कोरियन स्त्रिया यांची जी मुले जन्मली त्यांची कथा येथे सविस्तर सांगावी लागते. वडिलांकडून वंश आणि नागरिकत्व मोजणाऱ्या व्यवस्थेत या मुलांना स्थान नव्हते; १९५० च्या दशकात परदेशी दत्तक देण्याची जी योजना सुरू झाली तिच्यात सर्वप्रथम हीच मुले देशाबाहेर पाठवली गेली, आणि पुढे ही योजना अनाथ व अविवाहित मातांच्या मुलांपर्यंत पसरून काही दशकांत सुमारे २ लाख कोरियन मुले परदेशी घरांत गेली. एकजिनसीपणा हा केवळ वारशाने आलेला नव्हता, तो अंशतः अशा पाठवणीतून राखला गेला होता. जी मुले मागे राहिली त्यांच्यापैकी एक, १९५७ साली जन्मलेली, आफ्रिकी-अमेरिकन सैनिकाची मुलगी पुढे इनसूनी या नावाने कोरियातील श्रेष्ठ सोल-गायिकांपैकी एक झाली. येथे सोल म्हणजे शहर नव्हे, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून निघालेली, आर्त आणि गळा मोकळा सोडून गायची शैली. १९७८ पासून ती रंगमंचावर आहे आणि तिच्या आवाजाला कोरियन श्रोत्यांनी भरभरून दाद दिली, परंतु आरंभीच्या काळात दूरचित्रवाणीवर तिला आपले कुरळे केस टोपीखाली झाकावे लागत. आवाज चालतो आणि केस चालत नाहीत, अशी ही स्थिती होती. कोरियात जन्मलेल्या मिश्रवंशीय पुरुषांना सक्तीच्या लष्करी सेवेत घेण्याची अट २०११ पासून अमलात आली, तोवर रूपावरून वेगळे दिसणाऱ्यांना सेवेतून वगळले जाई. आणि ज्या समाजात लष्करी सेवा हीच पौरुषाची व नागरिकत्वाची पावती समजली जाते तेथे ही सवलत बहिष्काराइतकीच बोचरी होती.

संगीताचा इतिहास याच्या अगदी उलट दिशेने गेलेला दिसतो. कोरियातील आधुनिक लोकप्रिय संगीताची शाळा म्हणजे अमेरिकेच्या आठव्या सैन्यदलाच्या छावण्यांतील रंगमंच. शिन जुंग-ह्यॉन यांच्यासारखे गिटारवादक तेथे सैनिकांसमोर वाजवूनच घडले, आणि त्या सैनिकांच्या फर्माइशींत जॅझ, ब्लूज व रॉक यांचा, म्हणजे प्रामुख्याने अमेरिकी कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताचा भरणा असे. १९९२ साली सो तेजी आणि त्याचे दोन साथीदार यांनी रॅप, म्हणजे लयीत केलेले जलद पठण, कोरियन भाषेत लोकप्रिय केले. १९९६ साली ली सू-मान यांच्या एसएम कंपनीने एच.ओ.टी. हा संच बाजारात आणला, आणि त्यातून ती पद्धत रुळली जिला आज सारे जग ओळखते: किशोरवयीन मुलामुलींना निवडून त्यांना वर्षानुवर्षे गायन, नृत्य, परभाषा आणि शिष्टाचार शिकवायचे, मग त्यांना ‘आयडॉल’ म्हणून एका संचात बसवून सादर करायचे. गाणी कोठून आणायची याविषयी या कंपन्यांना कधीच सोवळेपणा नव्हता. एस.ई.एस. या मुलींच्या संचाचे १९९८ चे गाजलेले गाणे मूळ फिनलंडमधील रिस्तो असिकाइनेन या संगीतकाराचे होते, आणि पुढे स्वीडन, अमेरिका, ब्रिटन येथील रचनाकारांना सोलला एकत्र बसवून गाणी बांधून घेण्याची रीतच पडली. म्हणजे एका गाण्यात ताल अटलांटा शहराचा, चाल स्टॉकहोमची, नृत्य लॉस एंजेलिसचे आणि शब्द कोरियन असा प्रकार सर्रास आढळतो.

याला राज्याचाही हात लागला होता. १९९४ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञानविषयक सल्लागार मंडळाने असा हिशेब मांडला की ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाची कमाई १५ लाख ह्युंदाई मोटारींच्या विक्रीइतकी आहे. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर किम दे-जुंग यांच्या सरकारने १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांच्या उत्तेजनासाठी कायदा केला, आणि त्याच सुमारास चीनमधील वृत्तपत्रांनी कोरियन मालिका-संगीताच्या लाटेला ‘हाल्यू’ हे नाव दिले. सव्वापाच कोटींहून कमी लोकसंख्येच्या देशात घरची बाजारपेठ अपुरी पडते, म्हणून निर्यात अटळ होती, आणि निर्यातीसाठी गिऱ्हाइकाच्या देशातील चेहरा संचात असणे फायद्याचे होते. संचांतील बहुवंशीयतेचा उगम असा व्यापारी गरजेत आहे. तो तेवढ्यानेच कमी मोलाचा ठरत नाही, परंतु त्याचा उगम कोठे आहे हे विसरलेले चालत नाही, कारण व्यापाराला हवा असलेला परका आणि शेजारी म्हणून मान्य असलेला परका यांच्यात नेमका कोठे भेद पडतो हे पुढील उदाहरणांत दिसते.

२००५ साली सुपर ज्युनिअर या संचात हान गंग हा चिनी युवक होता. परदेशी कलावंतांसाठीच्या व्हिसाच्या नियमांमुळे त्याला मोजक्याच वाहिन्यांवर दिसण्याची मुभा होती, आणि आरंभीच्या काळात इतर ठिकाणी तो आपल्या सहकाऱ्यांबरोबर नाचला तो मुखवटा घालून. पुढे थायलंडशी नाते सांगणारा निचखुन २००८ मध्ये टू-पीएम या संचातून आणि थाई युवती लिसा २०१६ मध्ये ब्लॅकपिंक या संचातून पुढे आली, आणि लिसा तर आज या क्षेत्रातील अग्रगण्य नावांपैकी एक आहे. २०१६ च्या आरंभी ट्वाइस या संचातील तैवानच्या त्झू-यू हिने एका कार्यक्रमात तैवानचा ध्वज हाती घेतला म्हणून चिनी प्रेक्षक खवळले आणि सोळा वर्षांच्या त्या मुलीला चित्रफितीवर जाहीर माफी मागावी लागली. बाजारपेठेसाठी आणलेली विविधता बाजारपेठेपुढेच वाकते, याचा याहून खेदजनक दाखला नाही. ब्लॅकस्वान या संचात तर २०२२ साली ओडिशातील राऊरकेल्याची, ओडिसी नृत्य शिकलेली श्रेया लेंका निवडली गेली, जी कोरियन पॉपमधील पहिली भारतीय आयडॉल मानली जाते, आणि २०२३ पर्यंत या संचात कोरियन वंशाची एकही सदस्य उरली नाही. त्या वर्षी त्यांच्या एका गाण्याचे चित्रीकरण ओडिशात झाले. ज्यात कोरियन माणूस नाही त्याला कोरियन पॉप म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हा कोरियात आणि बाहेर मोठ्या तावातावाने विचारला गेला. ख्यालगायनात गायक कोणत्या गावचा आहे हे विचारून कोणी राग ठरवत नाही. परंपरेचा कस गायकीत असतो. कोरियन पॉपच्या बाबतीत मात्र विचारणाऱ्यांच्या मनात शैली आणि रक्त यांची गल्लत अजून शिल्लक आहे.

या काळात कोरियन समाज स्थिर नव्हता. ग्रामीण भागातील पुरुषांना वधू मिळेनात तेव्हा व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स येथून विवाह जुळवले जाऊ लागले, आणि २००५ च्या सुमारास दर दहा विवाहांत एकाहून अधिक विवाह परदेशी जोडीदाराशी होत होते. कारखान्यांसाठी नेपाळ, व्हिएतनाम, इंडोनेशिया इत्यादी देशांतून २००४ पासून परवाना पद्धतीने मजूर आणले गेले. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदनिर्मूलन समितीने कोरियाला ‘शुद्ध रक्ता’ची भाषा सोडण्यास सुचवले आणि २००८ मध्ये ‘बहुसांस्कृतिक कुटुंब’ साहाय्य कायदा आला. त्या कायद्याची मर्यादा त्याच्या व्याख्येतच आहे: कोरियन नागरिकाशी विवाहाने जोडलेले कुटुंब तेवढे त्यात मोडते, दोघेही परदेशी असलेले मजूर जोडपे मोडत नाही. २०२३ अखेर देशातील परदेशी रहिवासी सुमारे २५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास ५ टक्के होते. असे असूनही भेदभावाला सर्वसाधारण बंदी घालणारे विधेयक २००७ पासून वारंवार मांडले जाऊन संमत झालेले नाही. २०१८ मध्ये युद्धग्रस्त येमेनमधून सुमारे ५०० लोक जेजू बेटावर आश्रयाला आले तेव्हा त्यांना आश्रय देऊ नये या मागणीच्या अर्जावर ७ लाखांहून अधिक सह्या झाल्या. तेगू शहरात विद्यापीठाजवळ मशीद बांधू पाहणाऱ्या दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न्याय दिला, तरी विरोधकांनी बांधकामाच्या जागेबाहेर डुकरांची मुंडकी आणून ठेवली. बीटीएसचे सुगा आणि व्ही हे दोघे याच तेगूचे सुपुत्र असून शहराला त्यांचा अभिमान आहे. बीटीएसने ३१ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये आशियाई वंशीयांवरील हल्ल्यांविरुद्ध आवाज उठवला. तेथे ते अल्पसंख्य होते, आणि त्यांच्या स्वतःच्या शहरातील अल्पसंख्य विद्यार्थ्यांना तोच आवाज त्यांच्या गल्लीत ऐकू यायला हवा होता.

२००९ च्या जुलै महिन्यात घडलेला एक प्रसंग भारतीय श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सोंगकोंगहो विद्यापीठात संशोधन करणारे बोनोजित हुसेन हे भारतीय अभ्यासक बुचॉन शहरात एका कोरियन मैत्रिणीसह बसने जात असता एका प्रवाशाने त्यांच्या वर्णावरून दोघांना शिवीगाळ केली. हुसेन यांनी माघार घेतली नाही. तक्रार केली, पोलिसांनीही आपल्याला अवमानकारक वागणूक दिली हे जाहीर केले, आणि अखेर न्यायालयाने त्या प्रवाशाला अवमानाच्या कलमाखाली १० लाख वॉन दंड केला. वंशावरून केलेल्या अपमानाला शिक्षा होण्याची कोरियातील ही पहिली घटना मानली जाते. वंशभेदासाठी वेगळा कायदा नसल्यामुळे सामान्य अवमानाचेच कलम वापरावे लागले, हे या निकालाचे यश आणि त्याचे उणेपणही.

भारताकडे वळताना दोन घटनांचा विचार क्रमप्राप्त आहे. २०१० साली नोराजो या कोरियन जोडीने भारतीय खाद्यपदार्थावरून बांधलेले एक विनोदी गाणे प्रसिद्ध केले, ज्यात भारताची ओळख रस्सा, योगासने आणि काही तुटक नावे एवढ्यावर भागवली होती; दहा वर्षांनी दुसऱ्या संचाने त्याची एक ओळ गुणगुणली तेव्हा भारतीय चाहत्यांनी निषेध केला आणि मूळ गायकांनी क्षमा मागितली. २०२० च्या जून महिन्यात ब्लॅकपिंकच्या एका गाण्याच्या चित्रफितीत गणेशाची मूर्ती सजावटीची वस्तू म्हणून जमिनीवर ठेवलेली दिसली. या मांडणीविरुद्ध आवाज उठवणारे लोक त्या संचाचेच भारतीय चाहते होते, आणि मूर्ती दृश्यातून काढून टाकण्यात आली. महाराष्ट्रात गणपतीची मूर्ती पाटावर, चौरंगावर बसते, तिची प्राणप्रतिष्ठा होते आणि विसर्जनाच्या दिवशी निरोप देताना घरचे माणूस जावे तसे डोळे भरतात. तिला सिंहासनाशेजारी फरशीवर ठेवणाऱ्या नेपथ्यकाराला हे काहीच ठाऊक नव्हते, कारण त्याच्या दृष्टीने ती ‘पूर्वेकडील’ वातावरणाची एक खूण होती. येथे घडलेली चांगली गोष्ट अशी की चाहत्यांनी संचावर बहिष्कार न घालता चूक दाखवली आणि ती दुरुस्त करून घेतली. संस्कृतींची खरी देवाणघेवाण अशा भांडणातून पुढे जाते. एकमेकांना नुसते आवडून घेण्याने ती होत नाही.

तरीही याच चाहत्यांच्या देशाला आपला शेजार तपासावा लागतो. दिल्लीच्या लाजपतनगरात २०१२ च्या डिसेंबरात कोरियन सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. तेथे भाषावर्ग चालतात, कोरियन पॉपच्या देशव्यापी स्पर्धांचे संयोजन होते, आणि त्या स्पर्धांत ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या मुलामुलींचा सहभाग आरंभापासून ठळक आहे. त्यामागे इतिहास आहे: मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, ती पोकळी आरिरांग या कोरियन वाहिनीने आणि कोरियन मालिकांच्या तबकड्यांनी भरली, आणि दिल्ली-मुंबईने कोरियन गाणे ऐकण्याच्या दशकभर आधी इंफाळ, ऐझॉल, कोहिमा येथील तरुणांनी ते आपलेसे केले होते. ज्या चेहऱ्यांना भारतीय पडद्यावर कधी नायकपण मिळाले नाही त्या चेहऱ्यांना कोरियन पडद्यावर आपल्यासारखे नायक दिसले, ही त्या आवडीची एक मोठी प्रेरणा होती. त्याच लाजपतनगरच्या बाजारात, केंद्र सुरू होऊन सव्वा वर्षही लोटले नव्हते तेव्हा, २९ जानेवारी २०१४ रोजी अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून आणि चेहऱ्यावरून हिणवण्यात आले, बाचाबाची झाली, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ज्या केशरचनेचे अनुकरण पुढे काही वर्षांतच दिल्लीतील न्हाव्यांच्या दुकानांत कोरियन म्हणून होऊ लागले तशाच रंगवलेल्या केसांवरून एका भारतीयाला प्राण गमवावे लागले, हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, पण ते लिहिले पाहिजे. केंद्र सरकारने नेमलेल्या एम. पी. बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल देऊन वंशावरून अपमान व हिंसा यांसाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून जमावाने केलेल्या हत्येसाठी वेगळी तरतूद आली. वंशवाचक शब्दाने केलेल्या अपमानासाठी समितीने सुचवलेले कलम आलेले नाही. कोरियातील हुसेन यांचा खटला आणि भारतातील ही उणीव शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन्ही देश एकाच अडचणीशी येऊन थांबलेले दिसतात. २०२० च्या महामारीत ईशान्येकडील लोकांना विषाणूच्या नावाने हाका मारल्या गेल्या. त्याच टाळेबंदीत उत्तर भारतात कोरियन मालिका आणि गाण्यांचे वेड घरोघर पोचले, आणि त्याच वर्षीच्या नव्या शैक्षणिक धोरणाने कोरियन भाषेचा शाळांत शिकवायच्या परदेशी भाषांत नावाने उल्लेख केला.

ग्रेटर नोएडाची घटना याहून जवळची आहे. २०१७ च्या मार्चमध्ये एका स्थानिक किशोराच्या मृत्यूनंतर अमली पदार्थ दिल्याचा संशय नायजेरियन विद्यार्थ्यांवर घेण्यात आला, आणि २७ मार्च रोजी जमावाने एका मॉलमध्ये आणि रस्त्यांवर दिसेल त्या आफ्रिकी विद्यार्थ्याला मारहाण केली. त्याच महिन्यात सोलमध्ये मामामू या संचाला चेहरे काळे रंगवून अमेरिकन गायकाची नक्कल केल्याबद्दल क्षमा मागावी लागली होती. रंगमंचावरील अपमान आणि रस्त्यावरील मारहाण यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल, परंतु दोन्हींच्या मुळाशी एक समान विस्मृती आहे. कोरियन पॉपचा ताल, त्याचे पठण, त्याच्या नृत्यातील झटके हे सारे आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी घडवलेले आहे. ग्रेटर नोएडातील तरुण ते संगीत सोलचे म्हणून ऐकतात, सोलमधील अनेकांना ते आपलेच वाटते, आणि ज्यांच्या पूर्वजांच्या कंठातून ते निघाले त्यांच्या भाऊबंदांना दोन्हीकडे घर भाड्याने मिळणे कठीण जाते. २०२० मध्ये बीटीएसने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीला १० लाख डॉलर दिले आणि ‘आर्मी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चाहत्यांनी तेवढीच रक्कम एका दिवसाच्या आसपास उभी केली, तेव्हा हे ऋण निदान एकदा तरी मान्य झाले.

महाराष्ट्राचा अनुभव या प्रश्नाकडे पाहण्याची एक जुनी आणि खोल दृष्टी देतो. नोएडापासून सुमारे १०० किलोमीटरवर कैराना हे गाव आहे, तेथे १८७२ साली जन्मलेले अब्दुल करीम खाँ बडोद्यामार्गे महाराष्ट्रात आले, मिरजेत स्थिरावले, १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, आणि त्यांच्या किराणा घराण्याला सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी अशी मराठी-कानडी मुलखातील नामावळी लाभली. उत्तरेतील मुसलमान गवयाची गायकी मराठी माणसाने इतकी आपली मानली की आज ती वेगळी काढून दाखवता येत नाही. बडोद्यातील सरदारकन्या ताराबाई माने यांच्याशी त्यांनी संसार थाटला तेव्हा मात्र दोघांना बडोदे सोडावे लागले. १९२२ च्या सुमारास ते वेगळे झाल्यावर मुलांनी नावे बदलली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीचे हिराबाई बडोदेकर झाले, आणि त्या नावांनीच ती मराठी रंगभूमीवर व मैफलींत सन्मानाने वावरली. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्या थोरवीत याने तिळमात्र उणेपणा येत नाही. उलट त्यांना आणि त्यांच्या मातेला काय सोसावे लागले असेल याची कल्पना येते. इनसूनीचे झाकलेले केस आणि हान गंगचा मुखवटा या गोष्टी मराठी वाचकाला परक्या वाटू नयेत. मराठी समाज मुळातच अनेक प्रवाहांचा मेळ आहे हे इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासातून, महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधला संक्रमणप्रदेश ठरवून, १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते. ते शास्त्रात मान्य झाले, व्यवहारात अजून पुरते मान्य व्हायचे आहे.

कोरियातही अशा मिश्रणाच्या आठवणी वंशावळींत जपलेल्या आहेत. तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथात आयुता नावाच्या दूरदेशाहून समुद्रमार्गे आलेल्या हो ह्वांग-ओक या राजकन्येची कथा आहे. गिमहे येथील किम हे कोरियातील सर्वांत मोठे कुळ तिला आपली आदिमाता मानते, तिच्या देशाचा संबंध अयोध्येशी जोडून २००१ मध्ये शरयूच्या काठी तिचे स्मारक उभारले गेले, आणि ६ नोव्हेंबर २०१८ रोजी मून यांच्या पत्नी किम जुंग-सूक यांच्या उपस्थितीत त्याच्या विस्ताराची पायाभरणी झाली. इतिहासकार या कथेला सिद्ध इतिहास मानत नाहीत. तथापि एकरक्ताचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्रातील सर्वांत मोठे कुळ परदेशी आजीचे नाव आदराने घेते, आणि ही गोष्ट राजनैतिक समारंभात आठवते पण व्हिएतनामी सुनेच्या मुलाला वर्गात चिडवले जाते तेव्हा आठवत नाही, हे नोंदले पाहिजे.

येत्या काळातील कसोटी महाराष्ट्राच्याच भूमीवर लागणार आहे. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, रायगड जिल्ह्यात विळे-भागाड येथे पोस्को आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला, आणि पुण्याच्या परिसरातील कोरियन वस्ती त्यामुळे वाढत राहील. बीटीएसमागील हाइब या कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा स्थापन केली असून कोरियन पद्धतीने भारतीय कलावंत घडवण्याचा तिचा मनोदय आहे. अमेरिकेत याच कंपनीने २०२४ मध्ये पुढे आणलेल्या कॅट्सआय या संचात तमिळ वंशाची लारा राज आहे, म्हणजे निवडीत त्वचेचा आणि वंशाचा पट रुंद ठेवणे तिला अशक्य नाही. मुंबईत चाचण्या सुरू होतील तेव्हा मिझोरामची मुलगी ‘भारतीय’ चेहरा म्हणून पुढे येईल की ती कोरियनसारखी दिसते म्हणून बाजूला ठेवली जाईल; गडचिरोलीतील किंवा मराठवाड्यातील सावळ्या वर्णाच्या मुलाला नृत्यावर निवडतील की रंगावर नाकारतील; हिंदीखेरीज मराठी, मणिपुरी, तमिळ यांना गाण्यात जागा असेल की नाही; आणि अशा संचाचे चाहते मामामू किंवा गणेशमूर्ती यांच्या वेळी जसे बोलले तसे तेव्हा आपल्याच देशाच्या निवडीविरुद्ध बोलतील काय, या प्रश्नांची उत्तरे निवड करणारी कंपनी एकटी देऊ शकणार नाही, आणि ती देण्याचे काम नोएडातील, पुण्यातील, मुंबईतील त्याच शाळकरी श्रोत्यांकडे येणार आहे ज्यांच्या आवडीला आज घरातील वडीलधारे फारसे गंभीरपणे घेत नाहीत.